गोहदच्या राणाला दिलेला शब्द

उज्जैन

ती. काकांस,


बलाढ्य सत्ता मित्राला दिलेला शब्द कुठवर पाळते, याचा सर्वांत उघड दाखला शिंदेशाहीच्या इतिहासात आहे. 1810 मध्ये दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवेपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. उत्तरेत ईस्ट इंडिया कंपनीने मित्र धरले आणि सोडले, ते बहुतेक वेळा याच गादीकडे पाहून.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात महादजी शिंद्यांना उत्तरेत गुंतवून ठेवणारा कोणीतरी कंपनीला हवा होता. गोहदचा जाट राणा छत्रसिंह याच्याशी डिसेंबर 1779 मध्ये तह झाला. 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री कंपनीचा अधिकारी पॉपहॅम याचे शिपाई शिड्या लावून ग्वाल्हेरचा कडा चढले. पाय सरकू नयेत म्हणून त्यांच्या पायांत कापूस भरलेली लोकरी पायताणे होती. किल्ला राणाला मिळाला. पण पुण्याशी तह घडवून आणण्याइतके वजन एकट्या महादजींचे होते. ऑक्टोबर 1781 मध्ये त्यांच्याशी समेट झाला आणि 17 मे 1782 ला सालबाईचा तह. त्या तहात राणाला अभय होते, पण त्याने कंपनीशी केलेला करार पाळला तरच. आणि तो पाळला की नाही हे ठरवणार कंपनी! महादजींनी ग्वाल्हेरला वेढा घातला तेव्हा राणाला दगाबाज ठरवून कंपनीने हात काढून घेतला. राणाने मराठ्यांशी संधान बांधल्याचा आरोप अगदीच निराधार नसेलही, पण तो नेमका त्याची गरज संपल्यावर उठला. 1783 मध्ये ग्वाल्हेर गेले, 1784 मध्ये गोहद, आणि राणा कैदेत पडला.

वीस वर्षांनी हेच पुन्हा घडले. शिंद्यांशी झालेल्या 1803 च्या युद्धानंतर गोहदचा राणा कीरतसिंह याच्याशी कंपनीने नवा तह केला. कंपनीच्या हाती आलेले ग्वाल्हेर शिंद्यांना परत द्यावे की नाही यावर इंग्रजांतच वाद झाला. ग्वाल्हेर गेले तरी चालेल, पण वचनाची पत जाऊ नये, असे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचे मत होते आणि त्याला त्यासाठी मान दिलाच पाहिजे. शेवटी ग्वाल्हेर परत केले गेले, पण शब्द राखण्यासाठी नव्हे. होळकरांशी चाललेल्या लढाईचा खर्च कंपनीला झेपेना. नोव्हेंबर 1805 च्या तहाने ग्वाल्हेर आणि गोहद दौलतरावांकडे आले, त्यांच्या पत्नी बायजाबाईंना दोन लाखांची जहागीर मिळाली, आणि उदेपूर, जोधपूर, कोटा यांच्याशी तह न करण्याचे कंपनीने कबूल केले. जयपूरशी झालेली मैत्रीही मोडली. राणाला बदल्यात धोलपूर, बाडी, राजाखेडा मिळाले. गोहद मात्र गेले ते गेलेच.

 

पुढे निष्ठेची पाळी शिंद्यांवरच आली. 1857 च्या उठावात ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्यांची फौज फुटली, जून 1858 मध्ये त्यांना आग्र्याला जावे लागले. इंग्रजांनी त्यांना पुन्हा गादीवर बसवले, पण ग्वाल्हेरचा किल्ला स्वतःच्या ताब्यात ठेवला. तो 1886 मध्ये परत मिळाला, तोही झाशीच्या मोबदल्यात.

आपला,
पुतण्या