ताई, जपानला सावकाश जा

पुणे

प्रिय ताई,


तुझी यादी मिळाली. टोकियो, निक्को, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा, आणि शेवटी ‘जमल्यास होक्काइदो’. सगळं तीन आठवड्यांत. भावोजींनी प्रत्येक गावापुढे गाड्यांच्या वेळाही लिहिल्यात. एवढ्या मेहनतीनं केलेल्या बेतावर काट मारायला हात धजत नाही, पण तू स्पष्ट मत मागितलंस म्हणून लिहिते. या यादीत तुम्ही दोघं मला दिसलाच नाहीत. रोज पहाटे पर्वती आणि रविवारी सिंहगड करणारी माणसं तुम्ही. तुमचे पाय तीन आठवडे फलाटांवर आणि सरकत्या जिन्यांवर कशाला झिजवता?

धडधाकट माणसांची सहल आखताना सगळे एकच धरून चालतात की, यांना झेपतंय तर आणखी दोन ठिकाणं घालू. माझा अनुभव वेगळा आहे. चालण्यानं तुम्ही थकत नाही. थकवतं ते बॅग भरणं, खोली सोडणं, नवं स्टेशन, नवी खोली, गरम पाणी कुठून येतं ते नव्यानं शोधणं. रोज मुक्काम हलला की चालायची ताकद त्यातच संपते. म्हणून मुक्काम मोजकेच ठेवा, शक्यतो तीन-चार रात्रींचे, आणि प्रत्येक मुक्कामात एक दिवस कोराच ठेवा. त्या दिवशी काय करायचं ते सकाळी चहा घेताना ठरवायचं.

मग जायचं कुठे? मी तुमच्यासाठी चार टप्पे निवडलेत: मात्सुमोतो आणि किसोचं खोरं, कोयासान, कुमानो, आणि सेतोच्या समुद्रातली बेटं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ धरा. वादळांचा मोसम तोवर बहुतेक सरलेला असतो, हवा कोरडी असते, आणि मात्सुमोतोजवळचं कामिकोची हे खोरं अजून उघडं असतं. ते १५ नोव्हेंबरला बंद होतं ते थेट एप्रिलच्या मध्यापर्यंत. विमान टोकियोला उतरणारं आणि ओसाकाहून परतणारं घ्या. एकाच तिकिटात असं मिळतं, आणि परतीसाठी पुन्हा टोकियो गाठायचा दिवस वाचतो.

टोकियोत दोन रात्री राहा, झोप भरून काढा आणि निघा. शिंजुकूहून मात्सुमोतोला अझुसा ही गाडी अडीच-पावणेतीन तासांत नेते. भावोजी गडवेडे, त्यांना तिथला काळा किल्ला आवडेलच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला लाकडी बुरूज अजून उभा आहे, आणि आतले जिने इतके खडे की शिडीच म्हणावी. पण मात्सुमोतोत चार रात्री राहायचं खरं कारण कामिकोची. पंधराशे मीटर उंचीवरचं ते सपाट खोरं, मधून अझुसा नदी, समोर ३,१९० मीटर उंचीचा ओकुहोताका. खाजगी गाड्यांना बंदी असल्यामुळे सगळेच बसनं किंवा टॅक्सीनं येतात. ऑक्टोबरअखेरीला लार्चची झाडं पिवळी झालेली असतात.

इथे तुमचा जुना प्रश्न सुटतो. भावोजी झपाझप चालणार, तू प्रत्येक झाडापाशी थांबणार, आणि संध्याकाळी त्यावरून थोडी कुरबुर होणार. कामिकोचीतली मुख्य वाट नदीकाठची, जवळपास सपाट. काप्पाबाशी पुलापासून म्योजिन तासाभरावर, तोकुसावा दोन तासांवर, योकोओ तीन तासांवर. त्यांना योकोओपर्यंत जाऊ दे. तू म्योजिनच्या तळ्यापाशी वही काढून बस. परतीच्या शेवटच्या बसची वेळ दोघांनी लिहून घ्या आणि भेटायची जागा पूल ठरवा. जोडीनं प्रवास करायचा म्हणजे दिवसभर एकमेकांना बांधून घ्यायचं असं नाही. उलट दिवसाचे चार तास वेगळे गेले की रात्री बोलायला काही उरतं. आम्ही दोघं हे पाळतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मात्सुमोतोहून किसोच्या खोऱ्यात उतरा. एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणारा नाकासेंदो हा जुना राजमार्ग, त्यावर ६९ मुक्कामाची गावं होती. त्यांतल्या मागोमे ते त्सुमागो या आठेक किलोमीटरच्या वाटेवर तुम्ही चाला. मागोमेकडून निघालात तर चढ कमी पडतो. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत. येणाराजाणारा त्या वाजवून पुढे जातो, म्हणजे अस्वल दूर राहतं. मध्ये एक जुनं चहाघर लागतं. आत चुलाणावर किटली, धुरानं काळे पडलेले वासे, आणि गावातली माणसं वाटसरूला फुकट चहा देतात. पाठीवरची पिशवी उतरवून त्या बाकावर बसल्यावर घड्याळाकडे बघावंसं वाटत नाही.

त्सुमागोची गोष्ट तुला मुद्दाम सांगते. रेल्वे आली, महामार्ग दुसरीकडून गेला, गाव ओस पडायला लागलं. तेव्हा गावकऱ्यांनीच १९७१ साली ठराव केला की घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्या येत नाहीत, विजेच्या तारा डोळ्यांआड केल्यात. दिवसभर पर्यटक असतात, पण संध्याकाळी ते निघून जातात. म्हणून तिथे घरगुती अतिथीगृहात दोन रात्री राहाच. जेवण सहाच्या सुमाराला मांडतात, उशीर केलेला त्यांना चालत नाही.

सामानाची काळजी करू नकोस, जपानची ही सोय मला सर्वांत आवडली. मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवर द्यायची, पुढच्या मुक्कामाचा पत्ता लिहायचा, पैसे भरायचे. बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्या दिवशी पोहोचते, डोंगरातल्या गावांना एखादा दिवस जास्त धरायचा. आपण पाठीवर दोन दिवसांचे कपडे घेऊन मोकळे. तुमच्या वयाला आणि भावोजींच्या गुडघ्याला ही सोय म्हणजे वरदान आहे.

भावोजींनी रेल्वे पासचा हिशेब विचारलाय. २०२३च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून थेट ५०,००० येन झाला. रोज शिंकानसेननं धावणाऱ्याला तो अजून परवडेल. तुम्ही थांबत जाणार, तेव्हा सुटी तिकिटं काढा.

आता कोयासान. ओसाकाच्या नांबा स्टेशनाहून गाडी, मग पाळण्यासारखी उभी चढणारी डोंगररेल्वे, आणि वर सुमारे आठशे मीटरवर मठांचं अख्खं गाव. कूकाई या भिक्षूनं ८१६ साली त्याची स्थापना केली. आज तिथे शंभरावर मठ आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक मठांत राहता येतं. शाकाहाराची तुझी चिंता इथे मिटते. एरवी जपानात ती खरी आहे. नुसत्या भाजीच्या सूपमध्येही वाळवलेल्या मासळीचा अर्क असतो आणि त्यांना तो मांसाहार वाटत नाही. त्यामुळे आधी चिठ्ठी लिहून ठेव, जपानी भाषेत, ‘मासळीचा अर्कही नको’ अशी. मठात मात्र सगळं जेवण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. तिळाचं मऊ तोफू, गोठवून वाळवलेलं कोया-तोफू, लोणची, भात. सकाळी सहाच्या सुमारास प्रार्थना असते, काही मठांत होमही होतो. थंडी कडाक्याची असते, लोकरी मोजे न्या.

कोयासानवरच्या ओकुनोइन या समाधिस्थळाला भल्या पहाटे जा. सीडरच्या प्रचंड झाडांखालून दोन किलोमीटरची वाट कूकाईच्या समाधीकडे जाते आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त स्मारकशिळा आहेत. त्यांतली पाच दगडांची उतरंड थांबून बघ. खाली चौकोन, वर गोल, मग त्रिकोणी छप्पर, अर्धचंद्र आणि टोकाला थेंबासारखा मणी. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आणि प्रत्येक दगडावर एकेक अक्षर कोरलेलं: अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम्, ब्राह्मीच्या कुळातली, आपल्या नागरीच्या नात्यातली. शेवाळ्याखालचं ते अक्षर बोटानं चाचपताना माझे डोळे भरून आले. कूकाई ८३५ मध्ये गेला असं तिथे मानत नाहीत, तो ध्यानात बसलाय असं मानतात आणि रोज दोनदा त्याला जेवण नेतात. आळंदीला जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

कोयासानवर १८७२ पर्यंत बायकांना प्रवेश नव्हता. त्या भोवतालच्या डोंगरकडांवरून फिरायच्या, आतल्या देवळांकडे वरून बघत. ती वाट अजून आहे, न्योनिन-मिची. एक दिवस तुम्ही दोघं ती चाला. कोयासान नुसतं आतून बघून परतू नये असं मला फार वाटतं.

कुमानोच्या जुन्या यात्रामार्गाबद्दल माझं मत प्रचलित पद्धतीपेक्षा वेगळं आहे. बहुतेक लोक ताकिजिरीहून होंगूच्या देवळापर्यंत गावोगाव मुक्काम हलवत चालतात. तुम्ही तसं करू नका. तानाबेहून बसनं युनोमिनेला जा आणि तिथेच चार रात्री राहा. रोज सकाळी बसनं वाटेचा एखादा तुकडा गाठायचा. होश्शिनमोन ते होंगू हा सातेक किलोमीटरचा, बराचसा उताराचा. युनोमिने ते होंगू ही छोटी पण दमवणारी खिंड. एक दिवस नाचीचा, १३३ मीटरचा धबधबा आणि दाइमोनझाकाच्या दगडी पायऱ्या. ऊन लवकर जातं, जंगलात चारलाच अंधारायला लागतं, तेव्हा आठला वाटेवर असा. दगड शेवाळलेले असतात, काठ्या न्या.

युनोमिने म्हणजे ओढ्याकाठचं चिमुकलं गाव, गंधकाचा वास आणि सगळीकडे वाफ. ओढ्याशेजारी उकळत्या झऱ्याचं कुंड आहे. दुकानातून जाळीत अंडी किंवा रताळी घ्यायची, दोरीनं कुंडात सोडायची आणि बाकावर बसून राहायचं. अंडी दहा-बारा मिनिटांत होतात, रताळ्यांना वेळ लागतो. पलीकडे लाकडी खोपटात त्सुबोयू हे दोघांपुरतं स्नानकुंड आहे. अर्ध्या तासासाठी ते फक्त तुमचं. एरवीच्या सार्वजनिक स्नानगृहांत बायका-पुरुष वेगळे आणि कपडे सगळे उतरवायचे. तुला त्याचा संकोच वाटत असेल तर त्सुबोयूपासून सुरुवात कर.

शेवटचा टप्पा सायकलचा. तिकडे जाताना एक रात्र ओसाकात काढा, सलग प्रवास नको. ओनोमिचीहून इमाबारीपर्यंत शिमानामी काइदो, सत्तरेक किलोमीटर, सहा बेटं आणि त्यांना जोडणारे पूल. १९९९ मध्ये हा मार्ग सुरू झाला. रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे, तिच्यामागे जात राहायचं. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून. पुलांवर चढायला सायकलींसाठी वळणावळणाचे सौम्य चढ बांधलेत. तरणे लोक एका दिवसात संपवतात. तुम्ही सेतोदाला दोन रात्री राहा, लिंबांच्या बागांतून हिंडा, ओमिशिमावरच्या देवळातला कापराचा प्राचीन वृक्ष बघा. अखेरीस कुरुशिमा सामुद्रधुनीवरचे लागोपाठ तीन झुलते पूल लागतात, जवळजवळ चार किलोमीटर, खाली समुद्राचे भोवरे. सायकल एका केंद्रावर घेऊन दुसऱ्यावर देता येते. बॅटरीची हवी असेल तर परतीची अट आधी विचारून घ्या.

इमाबारीहून मात्सुयामा जवळच. दोगोचं १८९४चं लाकडी स्नानगृह दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये पूर्ण उघडलं. तिथून चालत इशितेजी देऊळ गाठता येतं. शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांच्या यात्रेतलं ते ५१ वं. पांढऱ्या कपड्यांतले, हाती काठी घेतलेले यात्रेकरू भेटतील आणि ती यात्राही कूकाईचीच. तिथे तीन रात्री, मग ओसाका आणि विमान.

क्योतो नाही, हे वाचून तू चिडशील. नोव्हेंबरच्या मध्यात पानगळीच्या रंगांसाठी तिथे सारा जपान लोटतो. बसमध्ये उभं राहायला जागा नसते. तुम्हाला चालायला आवडतं, रांगेत उभं राहायला नाही. क्योतो निवांतपणे पुन्हा कधीतरी, फेब्रुवारीच्या थंडीत बघा.

भावोजींना सांग, आधी त्सुमागो आणि युनोमिनेच्या खोल्या बघा. तिथे खोल्या थोड्या आणि मागणारे पुष्कळ. त्या तारखा मिळाल्या की बाकी सगळं त्यांच्याभोवती बसवता येतं. तारखा कळव, कोयासानच्या मठाला मी स्वतः लिहिते. आम्ही राहिलो होतो तिथल्या भिक्षूंनी फार आपुलकीनं केलं होतं.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी