सातासमुद्रापलीकडची बॉम्बे स्ट्रीट

वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाच्या राजधानीचे नाव पोर्ट ऑफ स्पेन. शहराच्या पश्चिमेस सेंट जेम्स नावाचा भाग आहे. तेथील गल्ल्यांवरील पाट्या वाचल्या की आपण चकित होतो. बॉम्बे स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली, लखनौ, पाटणा, हैदराबाद! आपली ही नावे इतक्या दूर कशी गेली, याचे उत्तर बंदरावर मिळते.

हे शहर स्पॅनिश लोकांनी वसवले आणि १७९७ साली इंग्रजांनी घेतले. प्रवासी आधी पाहतात ते क्वीन्स पार्क सव्हाना हे विस्तीर्ण मैदान आणि त्याच्या कडेच्या सात आलिशान वास्तू. त्यांत क्वीन्स रॉयल कॉलेजची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत उठून दिसते. पुढे संसदेचे लालबुंद ‘रेड हाऊस’. टेकडीवरच्या फोर्ट जॉर्ज किल्ल्यावरून सारे शहर आणि पारियाचे आखात नजरेत मावते. पण या वैभवामागे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांत गुलामांचा घाम होता.

या गुलामांत पश्चिम आफ्रिकेतील मँडिंगो मुसलमानही होते. जोनास मोहम्मद बाथ हे त्यांचे पुढारी. स्वतः गुलामीतून सुटल्यावर ते गप्प बसले नाहीत. त्यांच्या जमातीने पैसा पैसा जमवून आपल्या बांधवांना मालकांकडून विकत घेतले, ते मुक्त करण्यासाठी! १८३८ साली त्यांनी आफ्रिकेत परत जाऊ देण्यासाठी इंग्रज सरकारकडे अर्ज केला. सरकारने तो मानला नाही. गुलामाला मुक्त करणे हे केवढे पुण्य, हे आपण ऐकत आलो आहोत. या गरिबांनी ते करून दाखवले.

गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे झाले. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘फतह अल-रज्जाक’ हे जहाज साडेतीन महिन्यांनी येथे पोहोचले. त्यात सुमारे सव्वादोनशे हिंदी माणसे होती. हे सागवानी जहाज मुंबईच्या इब्राहिम बिन यूसुफ या मुस्लिम व्यापाऱ्यासाठी बांधले होते, असे सांगतात. नाव रोजी देणाऱ्या अल्लाहचे. पण उतरणाऱ्यांच्या वाट्याला पाच वर्षांचा करार आणि मळ्यावरची कष्टाची रोजी आली. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक आले. १८६६ पासून त्यांना आधी जवळच्या नेल्सन बेटावर उतरवत. आज तेथे होडीने जाऊन तो जुना तळ पाहता येतो.

मोहरमच्या दिवसांत सेंट जेम्स पाहावे. ‘या हुसैन’वरून पडलेल्या ‘होसे’ या नावाने येथे ताजिये निघतात, ताशे कडाडतात आणि शेवटी ताजिये समुद्रात विसर्जित होतात. आपल्या गावच्या ताबुतांची आठवण यावी असेच! ताजिये काढावेत की नाही यावर मतभेद असोत, पण एक गोष्ट विसरू नये. १८८४ साली दक्षिणेकडच्या सान फर्नांडो शहरात सरकारची बंदी मोडून मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अनेक मजूर मेले. इमाम हुसैन (रजि.) यांच्या नावाने निघालेल्या त्या मिरवणुकीत मुसलमानांच्या खांद्याला खांदा लावून हिंदूही चालत होते.

भूक लागली की रस्त्यावर ‘डबल्स’ खावेत. दोन मऊ बाऱ्यांमध्ये मसालेदार चणे, वर चटणी! ‘बारा’ म्हणजे आपल्या वड्याचाच भाऊ. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाऊन गावात इमामुल दीन आणि त्यांच्या पत्नी रसूलन यांनी हा पदार्थ विकायला सुरुवात केली. पोटासाठी नवराबायकोने चालवलेला हा धंदा आज साऱ्या देशाची न्याहारी झाला आहे.

आज देशात मुसलमान सुमारे ५ टक्के आहेत, तरी ईद-उल-फित्रला सर्वांना सुट्टी असते. ३० मे ही सुद्धा सुट्टी आहे. क्वीन स्ट्रीटच्या जामा मशिदीत आफ्रिकी आणि हिंदी वंशाचे लोक एका सफेत उभे राहतात. एकाचे पूर्वज बेड्यांत आले, दुसऱ्याचे करारावर. दोघांच्याही हातून देश सुटला, भाषाही बरीचशी सुटली. सज्दा मात्र सुटला नाही.

आपल्याला तर ना बेड्या, ना मळ्याचा मुकादम. मग अजान झाल्यावर उठायला आपल्याला इतका उशीर का लागतो?