दवाखान्यातला टीव्ही आणि तुमचं बीपी

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, असं आम्ही डॉक्टर सांगतो. आणि बसवतो कुठे? टीव्हीसमोर! पडद्यावर चौघांचं भांडण चाललेलं, खाली लाल पट्टीत 'मोठी बातमी'. तिथून उठून आलेल्या माणसाचा वरचा आकडा १५४ आला, तर त्यात त्याचा आजार किती आणि टीव्ही किती? एकदा सुरू झालेली बीपीची गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. म्हणून तो आकडा खरा असायला हवा. आज थोडं औषधांऐवजी रिमोटबद्दल बोलू.

मांजरसुंबा म्हणजे चौफुली. बीड, पाटोदा, नेकनूर आणि चौसाळा अशा चारही दिशांनी माणसं येतात, धुळे-सोलापूर महामार्गावरचे ट्रक-ट्रॅव्हल्सवालेही येतात. दिवसभर हॉर्न चालूच. आमच्या प्रतीक्षागृहात टीव्ही लावला तो लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून. पण हॉर्नवर मात करायला आवाज वाढतो, टीव्हीवर मात करायला माणसं मोठ्यानं बोलतात आणि त्यांच्यावर मात करायला कुणीतरी पुन्हा रिमोट उचलतो.

मोठा किंवा अचानक आवाज कानावर पडला की शरीर सावध होतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात. तुम्ही टीव्हीकडे बघत नसलात तरी हे होतं, कारण डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. घरचा टीव्ही तुम्ही लावता, तुम्ही बंद करता. दवाखान्यातला टीव्ही दुसऱ्यानं लावलेला असतो आणि तुम्हाला तिथून उठून जाता येत नाही. अमेरिकेतले संशोधक रॉजर उलरिच यांनी २००३ मध्ये रक्तदात्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ८०० हून जास्त रक्तदाते होते. टीव्ही चालू असलेल्या दिवसांपेक्षा बंद असलेल्या दिवशी त्यांच्या नाडीचे ठोके कमी भरले. शहरातल्या दृश्यांपेक्षा निसर्गाची दृश्यं लावली तेव्हा बीपी आणि नाडी दोन्ही कमी होते.

बीपीपेक्षाही मोठी गोष्ट मला एका आईमुळे कळली. घाटात गाडी उलटली होती. तिचा मुलगा आत होता, शुद्धीवर होता, हाताला प्लास्टर चाललं होतं. बाहेर टीव्हीवर पट्टी आली, 'घाटात भीषण अपघात, तीन ठार'. घाट दुसरा होता, जिल्हाही दुसरा. पण तिनं 'घाट' आणि 'ठार' एवढंच वाचलं आणि ती जागेवर कोसळली. मुलाला समोर आणून दाखवलं तरी तिचा थरकाप तासभर थांबला नाही. बॉस्टन मॅरेथॉनमधल्या २०१३ च्या बॉम्बस्फोटानंतर झालेल्या एका अभ्यासात, त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. दवाखान्यात बसलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याच्यापुढे हे चित्र कशाला?

त्या दिवसानंतर टीव्ही काढून टाकला नाही. दोन तास नंबर लागायची वाट बघणाऱ्याला करमणूक हवीच. फक्त सेटिंग बदलली. तुमच्या गावातला दवाखाना, वृद्धाश्रम, वसतिगृह, कुठेही हे करता येईल.

• आवाजाची मर्यादा: हॉटेल-रुग्णालयांसाठी विकल्या जाणाऱ्या टीव्हीत 'हॉटेल मोड' असतो. कमाल आवाज, टीव्ही सुरू होतानाचा आवाज आणि सुरू होतानाचा चॅनल त्यात ठरवून ठेवता येतो. मग कुणी कितीही बटण दाबलं तरी आवाज त्यापुढे जात नाही.
• घरगुती टीव्ही असेल तर पॅरेंटल लॉक किंवा चाइल्ड लॉक बघा. नको ते चॅनल पिन टाकून बंद करता येतात. आम्ही बातम्यांचे चॅनल असेच बंद केले आहेत.
• 'ऑटो व्हॉल्यूम' अशी सोय असेल तर ती चालू करा. जाहिरात लागली की आवाज एकदम उसळतो, तो त्यानं आटोक्यात राहतो.
• स्मार्ट टीव्हीवर कुणाचंही वैयक्तिक खातं चालू ठेवू नका आणि ऑटोप्ले बंद ठेवा. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवा, नाहीतर कुणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ सगळ्यांसमोर दिसतो.
• रिमोट शंभर हातांतून जातो. तो पारदर्शक पिशवीत ठेवा आणि रोज स्पिरिटनं पुसा.

वॉर्डात रात्रीचा नियम वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या शिफारशीनुसार वॉर्डात रात्री सरासरी आवाज ३० डेसिबलपर्यंतच असावा. आपलं साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं. आपल्या देशातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येतं. तिथे मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. बाहेरच्या डीजेवर आपण बोलतो, आतल्या टीव्हीवर नाही. वयस्कर रुग्णाची झोप मोडली की तो रात्री गोंधळतो, सलाईन ओढतो, घरच्यांना ओळखत नाही. याला डिलिरियम म्हणतात. आवाज आणि उजेड त्यात भर घालतात. म्हणून टीव्हीत 'ऑफ टायमर' लावा. आमच्याकडे साडेनऊला पडदा आपोआप बंद होतो, त्यामुळे भांडायला समोर कुणी उरत नाही.

एक आजोबा मात्र भांडले. "डॉक्टर, काहीच ऐकू येईना, वाढवा की थोडं!" मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरी टीव्हीच सोबतीला. त्यांचा कान तपासला तर आत मळाचा घट्ट बोळा. तो काढल्यावर तेच म्हणाले, "आता कमी करा, लई मोठाय." घरातल्या कुणाला टीव्हीचा आवाज सारखा वाढवावा लागत असेल, तर वैतागू नका, कान तपासून घ्या. मळ निघाला तर उपचार सोपा. वयामुळे ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करता येतो.

आता तुमच्यासाठी. कोणत्याही दवाखान्यात बीपी मोजायचं असेल तर टीव्हीकडे पाठ करून किंवा लांब बसा. आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, लघवी करून या. पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, हात छातीच्या पातळीवर ठेवा आणि बोलू नका. आकडा जास्त आला तर थोड्या वेळानं पुन्हा मोजायला सांगा. पण शांत बसून, वेगवेगळ्या दिवशीही तो जास्तच येत असेल, तर टीव्हीला दोष देऊन गोळी टाळू नका.

आणि आवाज कमी करायला सांगताना संकोच करू नका. "दादा, आत पेशंट आहे, जरा बारीक करता का?" एवढं म्हटलं तरी बहुतेक लोक ऐकतात. शेजारी बसलेल्या ज्या बाईला ते म्हणायचं धाडस होत नाही, तिचंही काम तेवढ्यात होतं.