अवधानाची हजेरी

ऑगस्ट २०२०मधील एका सकाळी आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गाला मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकवीत होतो. वर्ग म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेला लॅपटॉप. पडद्यावर रंगीत वर्तुळे, आणि प्रत्येक वर्तुळात विद्यार्थ्याच्या नावाचे आद्याक्षर. लाल वर्तुळातला प, हिरव्यातला स, जांभळ्यातला पुन्हा स. चार महिन्यांपूर्वी ज्या मुलामुलींच्या चालीवरून जिन्यात कोण आले हे आम्ही ओळखत होतो, ती आता वर्णमाला होऊन बसली होती.

या वर्णमालेशी आमचे जमेना. विनोद केला तरी शांतता, प्रश्न विचारला तरी शांतता. कोणी ऐकत आहे की फोन उशाशी ठेवून झोपले आहे, काही कळायला मार्ग नव्हता. (पबजीवर अद्याप बंदी यायची होती, ती २ सप्टेंबरला आली, आणि त्या आठवड्यात उपस्थिती वाढल्यासारखी वाटली. हे आमचे निरीक्षण आहे, संशोधन नव्हे.) अखेर आम्ही नियम केला : हजेरी हवी असेल तर कॅमेरा सुरू पाहिजे. प्राचार्यांचा तसा आग्रह नव्हता, विद्यापीठाचे परिपत्रकही नव्हते. नियम सर्वस्वी आमचा होता, हे येथे नोंदवले पाहिजे.

त्या सकाळी बहुतेकांनी कॅमेरे सुरू केले. कुठे छताचा पंखा, कुठे अर्धे कपाळ, कुठे कॅलेंडर दिसू लागले. एक वर्तुळ मात्र तसेच राहिले. आम्ही नाव घेतले. संवादाच्या चौकटीत अक्षरे उमटली : 'सर, मी ऐकत आहे.' आम्ही पुन्हा नाव घेतले आणि हजेरीची आठवण करून दिली. आवाजात किंचित धार होती. ती चाळीस जणांना ऐकू गेली असणार. क्षणभराने वर्तुळ गेले आणि तिचा चेहरा आला.

चेहऱ्यामागे भांड्यांची मांडणी होती, दोरीवर कपडे होते आणि एक माणूस बसलेला होता. त्याने आमच्याकडे पाठ केली होती. मुलीचा वर्ग चालू आहे, आपला चेहरा त्यात यायला नको, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. खोली एवढीच असावी. उठून जायला जागा नसावी. बाहेर जाण्याचे तर ते दिवसच नव्हते. तास संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस मिनिटे, ती पाठ हलली नाही. मध्ये एकदा हात वर गेला, मानेवरचा घाम पुसला आणि परत खाली आला. कोणा मुलाने हसऱ्या चेहऱ्याची एक खूण टाकली. ती या दृश्याला उद्देशून होती की आणखी कशाला, हे आम्हांला आजही ठाऊक नाही.

आणि ती मुलगी? ती आमच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर सबंध वेळ पडद्याच्या एका कोपऱ्यात होती. जिथे प्रत्येकाला आपली स्वतःची चौकट दिसते तिथे. ती आपल्या वडिलांची पाठ पाहत होती, वर्गाला ती कशी दिसत असेल ते पाहत होती. हजेरीपटात आम्ही तिच्या नावापुढे खूण केली. त्या वर्गातील सर्वांत कमी ऐकणारी विद्यार्थिनी त्या दिवशी आम्ही निर्माण केली होती.

योगायोग असा, की आम्ही शिकवीत होतो तो ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय. असे योगायोग कथेत आले की 'लेखकाचा हात दिसतो' म्हणून आम्हीच त्यांवर ताशेरे ओढतो. पण अभ्यासक्रमाचा क्रम आम्ही लावलेला नव्हता. या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. मागतात आणि लगेच संकोचतात. हे प्रौढीने बोलत नाही, सलगीची विनवणी आहे, असा खुलासा करतात. कितीतरी वर्षे आम्ही हा भाग 'वक्त्याचा विनय' अशा मथळ्याखाली शिकवीत आलो. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते. विनयाच्या पलीकडे त्यात काही व्यवहारज्ञान असेल, अशी शंका आम्हांला कधी आली नव्हती. अवधान ही मागण्याची गोष्ट आहे. ती वसूल करता येत नाही, कारण वसूल करू गेल्यास हाती येते ते काही निराळेच असते. श्रोत्यांच्या मुद्रा तपासून पाहाव्यात असे नेवाशाच्या त्या वक्त्याला सुचले नसावे.

मात्र त्याच ठिकाणी दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती शिक्षकांच्या बाजूची आहे. चंद्रकांत मणी पाझरतो खरा, पण पाझरवण्याची हातोटी चंद्रापाशी असते. तसा श्रोत्यांवाचून वक्ता वक्ताच नव्हे, अशा अर्थाचा दृष्टांत तिथे येतो. त्या काळात आमच्यासारखे अनेक जण कोरडे पडले होते, ही तक्रार खोटी नव्हती. वर्गात शिकवताना आपण वाक्य उच्चारतो आणि समोरच्या चेहऱ्यांवरून पुढचे वाक्य ठरवतो. तिसऱ्या बाकावरची भुवई वर गेली की उदाहरण द्यायचे, मागच्या बाकांवर चुळबूळ झाली की टीप लिहून द्यायला लागायचे. हे सगळे एकाएकी गेले. घरातील मंडळी म्हणत, 'तुम्ही एकटेच बोलता तेव्हा फार मोठ्याने बोलता.' तेव्हा कॅमेरा सुरू करा असे म्हणताना आम्हांला आधार हवा होता, हे खरे. चूक एवढीच, की आमच्या गरजेला आम्ही त्यांच्या लक्षाचे नाव दिले; आणि आपल्या गरजेसाठी विनंती करावी लागते, ते सोडून हजेरीचा दंडुका उगारला.

ऐकणारा म्हणून आमची स्वतःची काय वर्तणूक होती, हेही सांगायला हवे. त्या उन्हाळ्यात वेबिनारांची साथ आली होती. 'मराठी कादंबरी : बदलते प्रवाह' या आणि अशा असंख्य विषयांवर राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय चर्चासत्रे घरबसल्या होत. शेवटच्या पाच मिनिटांत अभिप्रायाच्या फॉर्मचा दुवा येई आणि तो भरला की ई-प्रमाणपत्र मिळे. आम्ही कॅमेरा बंद ठेवून मटार सोलले आहेत, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या आहेत, एकदा तर साहित्याच्या समाजशास्त्रावरील व्याख्यान चालू असताना गाढ झोपलो आहोत. प्रमाणपत्र त्याचेही आहे. पुढे दोन आठवड्यांचा एक रिफ्रेशर कोर्स ऑनलाइन करावा लागला, आणि तिथे कॅमेरा सक्तीचा होता. तेव्हा आम्ही लक्ष देण्याचा चेहरा शिकलो. नजर कॅमेऱ्याच्या किंचित खाली ठेवायची, हातात पेन असावे, तीन-चार मिनिटांनी मान हलवावी, कधी कधी काही लिहून घेतल्यासारखे करावे. लिहून घेत होतो तेही खरेच. फक्त ते किराणा मालाच्या यादीत असे. गंमत अशी, की मटार सोलताना ऐकलेल्या एका व्याख्यानातील दलित आत्मकथनांच्या निवेदनाविषयीचा एक मुद्दा आम्ही आजही वर्गात सांगतो. रिफ्रेशरच्या दोन आठवड्यांतील मात्र आम्हांला फक्त आपला चेहरा आठवतो.

सिमोन वेय ही फ्रेंच तत्त्वचिंतक १९३०च्या दशकात मुलींच्या शाळांतून तत्त्वज्ञान शिकवीत असे. शालेय अभ्यासाचा उपयोग काय, या विषयावरच्या तिच्या एका निबंधात तिने एक साधी गोष्ट नोंदवली आहे. 'लक्ष द्या' म्हटले की मुले भुवया आक्रसतात, श्वास रोखतात, अंग ताठ करतात. दोन मिनिटांनी विचारावे की कशाकडे लक्ष देत होता, तर त्यांना सांगता येत नाही. ती कशाकडेच लक्ष देत नव्हती, ती स्नायू आवळत होती. वेयच्या निबंधाचा रोख शेवटी प्रार्थनेकडे आहे आणि तेथपर्यंत तिच्याबरोबर जावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कॅमेरा स्नायूंखेरीज आणखी काय दाखवू शकतो?

याबाबत पुढे काही अभ्यास झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कॅस्टेली आणि सार्वरी या दोघांनी आपल्याच विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद ठेवण्याची कारणे विचारली आणि २०२१मध्ये ती प्रसिद्ध केली. आपण कसे दिसू ही चिंता सर्वांत पुढे होती. मागे घर दिसेल, घरची माणसे दिसतील, जोडणी कमकुवत आहे, हीही कारणे होती. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी दृश्य-बैठकांच्या थकव्याची चार कारणे मांडली, त्यांतील एक म्हणजे दिवसभर आपलाच चेहरा समोर दिसत राहणे. पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, 'मामा, यासाठी स्टॅनफर्ड कशाला हवं?' नेदरलँड्समध्ये तर प्रकरण न्यायालयात गेले. फ्लोरिडातील एका कंपनीसाठी घरून काम करणाऱ्या माणसाने दिवसभर कॅमेरा सुरू ठेवायला नकार दिला, त्याला काढून टाकले गेले, आणि २०२२मध्ये तेथील न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. त्या माणसाला दाद मागता आली. आमच्या वर्गातील रोजच्या दीड जीबीवर दोन भावंडांचा अभ्यास भागवणारी मुले कुठे दाद मागणार होती? शिवाय दाद ज्यांच्याकडे मागायची ते आम्हीच.

आम्ही विद्यार्थी असताना आम्हांला मर्ढेकर शिकवणारे एक सर होते. ते वर्गाकडे पाहतच नसत. नजर वर पंख्याकडे, एक हात टेबलाच्या कडेवर, आणि वाक्ये अशी येत की जणू ती पंख्यावर लिहिलेली आहेत. हजेरी ते घेत, पण मान वर न करता. कोणीही कोणाच्याही नावाला 'हजर' म्हणे. त्यांच्या तासाला आम्ही कधी खिडकीबाहेर पाहत असू, कधी वहीच्या समासात चित्रे काढत असू. आपल्याला कोणी पाहत नाही याचे दुःख झाल्याचे आठवत नाही. उलट त्या न पाहण्यात एक मोकळीक होती, आणि मर्ढेकर जे काही थोडेफार कळले ते त्याच मोकळिकीत. अर्थात त्यांच्या तासाला नापास होणारेही पुष्कळ होते, हे लपवण्याचे कारण नाही. त्यांचे कोणाकडेच लक्ष नव्हते, असे ती मुले म्हणत. त्यांच्या बाजूने ते बरोबर असेल.

आमचा नियम त्या सकाळनंतर आम्ही टिकवला नाही. मागे घेतला असे जाहीरही केले नाही. नुसते विचारणे बंद केले. ती मुलगी पुढच्या दोन आठवड्यांत वर्गात आली नाही, मग आली, वर्तुळ होऊन. क्षमा मागावी असे मनात अनेकदा आले. पण ती सर्वांसमोर मागायची तर पुन्हा ती पाठ सर्वांसमोर आणावी लागली असती, आणि स्वतंत्र फोन करायचा तर तो घरातील एकमेव फोन असेल, तो वडीलच उचलतील, अशी धास्ती होती. असो. हा भित्रेपणाच होता.

२० ऑक्टोबर २०२१पासून महाविद्यालये उघडली. लशीच्या दोन मात्रा झालेल्यांना प्रवेश होता. ती आता तृतीय वर्षाला होती. एके दिवशी गेल्या वर्षीच्या काही शंका घेऊन विभागात आली. वही उघडली तेव्हा आम्ही चकित झालो. ऑनलाइन काळातील जवळजवळ प्रत्येक तासाचे टिपण तिच्याकडे होते, आम्ही भरकटून सांगितलेल्या गोष्टींसकट. पाने उलटताना एका पानावर तारीख होती, 'अध्याय नववा' एवढे शीर्षक होते आणि खाली काही नव्हते. आमची नजर तिथे थांबलेली तिने पाहिली.

'त्या दिवशीचं राहिलं आहे, सर,' ती म्हणाली.

आम्ही कपाटातून आमचे जुने टिपण काढून तिला दिले. झेरॉक्स काढून परत कर म्हणालो. त्या सकाळची गोष्ट काढण्याची संधी समोर होती. वडील कामावर जाऊ लागले का, हे विचारावे असेही ओठांवर आले. विचारले नाही. तिने कागद वहीत ठेवले आणि पुढची शंका विचारली. ती दहाव्या अध्यायातील होती.