लिबर्टी स्ट्रीटच्या पलीकडे

सिनसिनाटीत शिरायचं तर नदीवरून, आणि तेही पायी. ओहायो नदीच्या दक्षिण काठावर केंटकी राज्यातलं कव्हिंग्टन, उत्तर काठावर ओहायो राज्यातलं सिनसिनाटी आणि दोघांना जोडणारा जॉन रोब्लिंगचा निळा झुलता पूल. १८६७ साली तो खुला झाला तेव्हा त्याचा १,०५७ फुटांचा मधला गाळा जगात सर्वांत लांब होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा पुढे याच माणसानं केला. ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी भाचीनं मला कव्हिंग्टनच्या बाजूला सोडलं आणि गाडीची काच खाली करून पुन्हा एकदा बजावलं, "मावशी, चारच्या आत परत ये हं. आणि लिबर्टी स्ट्रीटच्या पलीकडे अजिबात जाऊ नकोस."

इथली बरीच मराठी कुटुंबं शहराच्या उत्तरेला मेसन, वेस्ट चेस्टर अशा उपनगरांत राहतात. शहराच्या मध्यभागी त्यांचं येणं होतं ते बेसबॉलच्या सामन्याला, नाहीतर घरी पाहुणे आले म्हणून. आदल्या रात्री भाचीकडे जेवायला जमलेल्या मंडळींनी मला डाऊनटाऊनबद्दल खूप सावध केलं. जुलै २०२५ मध्ये तिथे झालेल्या एका मारामारीची चित्रफीत देशभर फिरली होती, तीही कुणीतरी फोनवर दाखवली. त्यांची काळजी खरी होती आणि ती मला कळतही होती. पण ज्या वस्तीबद्दल मी इतकी वर्षं वाचत आले, ती 'ओव्हर-द-राइन' त्याच डाऊनटाऊनला लागून आहे, आणि मी आले होते ती वस्ती बघायलाच.

पूल संपतो तिथे डावीउजवीकडे नदीकाठची नवी बाग, दोन भव्य क्रीडागारं आणि त्यांच्यामध्ये भूमिगत रेल्वेमार्गाचं संग्रहालय आहे. 'भूमिगत रेल्वेमार्ग' म्हणजे रूळ नव्हेत, तर पळून आलेल्या गुलामांना लपवत लपवत उत्तरेला पोचवणाऱ्या माणसांची साखळी. केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती, ओहायोत नव्हती. मी सकाळच्या उन्हात वारा खात जी नदी ओलांडली, ती ओलांडताना माणसं जिवावर उदार झालेली असत. २००४ साली उघडलेल्या या संग्रहालयात लाकडी ओंडक्यांची एक आख्खी खोली आहे. केंटकीतल्या एका शेतावरून ती उचलून आणली आहे. विकायला न्यायचे गुलाम त्या खोलीत कोंडून ठेवत. आत जाता येतं. मी गेले, आणि फार वेळ थांबू शकले नाही.

बाहेर आल्यावर ट्राम पकडली. इथे तिला स्ट्रीटकार म्हणतात. साडेतीन मैलांहून थोडी जास्त लांबीचा फेरा, २०१६ साली सुरू झालेला. ती असावी की नसावी यावर शहरात दोनदा मतदान झालं होतं. २०२० पासून तिकीटच नाही, त्यामुळे डब्यात सगळं शहर असतं: बेसबॉल संघाची लाल टोपी घातलेलं कुटुंब, दवाखान्याच्या गणवेशातली बाई, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, पिशव्या घेऊन बाजाराला निघालेल्या दोघी मैत्रिणी. वाटेत फाउंटन स्क्वेअर लागतो. तिथलं ब्राँझचं कारंजं म्युनिकमध्ये ओतवून १८७१ साली इथे बसवलं. पुढे वास्तुविशारद झाहा हदीदनं आखलेलं समकालीन कलेचं केंद्र. दोन्ही जागा सुंदर आहेत. पण माझं लक्ष सेंट्रल पार्कवेकडे लागलं होतं.

हा रुंद रस्ता मुळात कालवा होता. एकोणिसाव्या शतकात कालव्याच्या उत्तरेला जर्मन लोकांची दाट वस्ती झाली. रोज कालवा ओलांडून घरी जाणाऱ्या त्या लोकांनी त्याला आपल्या नदीचं नाव दिलं, म्हणून वस्ती झाली 'ओव्हर-द-राइन', म्हणजे 'ऱ्हाइनपलीकडची'. पुढे कालवा आटवला, त्याच्या पात्रात भुयारी रेल्वेचे बोगदे बांधायला घेतले, पैसे संपले, आणि १९२८ साली वरून हा रस्ता खुला केला. बोगदे अजून खाली आहेत, रिकामे. त्यांतून प्रवासी गाडी एकदाही धावली नाही.

व्हाइन स्ट्रीटवर उतरले आणि मान वर करून चालायला लागले. तीन-चार मजली विटांच्या इमारती, उंच अरुंद खिडक्या, छपराखाली कोरीव कंगोरे. इटालियन धाटणीची इतकी घरं एका जागी अमेरिकेत दुसरीकडे क्वचितच उरली असतील. १९०० च्या सुमारास इथे पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं राहत. पहिल्या महायुद्धात जर्मन असणं अडचणीचं झालं, मग दारूबंदीनं मद्याचे कारखाने बंद पाडले. ज्यांना जमलं ते टेकड्यांवरच्या मोकळ्या घरांत गेले. त्यांच्या जागी ॲपलाचियाच्या डोंगरांतले गरीब गोरे आले आणि मग शेजारच्या वेस्ट एंडमधून उठवलेले कृष्णवर्णीय. २००० च्या जनगणनेत इथली वस्ती आठ हजारांच्या आत आली होती. शेकडो इमारती पत्रे ठोकून बंद होत्या.

व्हाइनला समांतर एक अरुंद गल्ली आहे, रिपब्लिक स्ट्रीट. तिचं जुनं नाव ब्रेमेन स्ट्रीट. महायुद्धाच्या रागात जर्मन नावं पुसली गेली, त्यांत हेही गेलं. ७ एप्रिल २००१ च्या पहाटे याच गल्लीच्या परिसरात टिमथी थॉमस नावाच्या १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा पाठलाग करताना एका पोलिसानं त्याला गोळी घातली. मुलाच्या हातात शस्त्र नव्हतं. त्याच्यावर वॉरंट होती, पण बहुतेक वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांची. नंतर काही दिवस शहर पेटलं, संचारबंदी लागली. त्या पोलिसाला पुढे न्यायालयानं निर्दोष सोडलं.

गल्लीत आज नवी घरं आहेत, दारांपुढे कुंड्या आहेत. एक तरुण बाप मुलीला तीनचाकी सायकल शिकवत होता. तिला "सरळ बघ, सरळ" म्हणत वाकून मागे पळत होता. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. पुढे लिबर्टी स्ट्रीटजवळ एका भिंतीवर मुष्टियोद्धा एझर्ड चार्ल्सचं भलंमोठं चित्र आहे. हा जगज्जेता वेस्ट एंडमध्ये वाढला.

हा परिसर 'सुधारला' तो कसा, हे विचारलं की बहुतेक जण थ्रीसीडीसी या संस्थेचं नाव घेतात. २००१ नंतर दोन वर्षांनी महापौर आणि शहरातल्या मोठ्या कंपन्यांनी मिळून ही ना-नफा संस्था काढली. तिनं इथल्या ओसाड इमारती आणि दारूची दुकानं एकगठ्ठा विकत घेतली, करसवलतींचा आणि कंपन्यांचा पैसा लावला, इमारती पाडण्याऐवजी दुरुस्त केल्या. डाऊनटाऊन आणि ही वस्ती मिळून एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम तिनं गुंतवली आहे. जुनी घरं वाचली, हे या कामाचं मोठं श्रेय, आणि ते द्यायलाच हवं. २००६ साली हीच वस्ती देशातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ऐतिहासिक जागांच्या यादीत होती.

पण पाहुण्याला दिसतात ते दिवे, कॉफीची दुकानं आणि झाडू मारणारे, वाट सांगणारे गणवेशातले मदतनीस. शहर बदललं त्याचं दुसरं कारण रस्त्यावर दिसत नाही. २००२ साली न्यायालयाच्या देखरेखीखाली शहर, पोलिसांची संघटना, नागरी हक्कांची संस्था आणि कृष्णवर्णीयांची आघाडी यांच्यात एक करार झाला. बळाचा वापर कधी आणि कसा करायचा, तक्रारी कोण तपासणार, हे त्यात ठरलं. नुसती धरपकड करण्याऐवजी एखाद्या कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा गुन्हा का घडतो याचं कारण शोधायचं, हेही ठरलं. दिवा नाही? घरमालक बेपत्ता आहे? रिकाम्या इमारतीचं दार उघडं आहे? ते आधी नीट करायचं. माझ्या मते या वस्तीत आज माणूस निर्धास्त फिरतो याचं अर्धं श्रेय त्या कागदाला आहे, आणि टिमथीच्या आईसारख्या, रस्त्यावर उतरून उत्तर मागणाऱ्या माणसांना.

वॉशिंग्टन पार्कमध्ये बसून डबा खाल्ला. समोर १८७८ सालचं म्युझिक हॉल, लाल विटांचं, मधोमध प्रचंड गोल खिडकी असलेलं. २०१७ मध्ये ते नव्यानं उघडलं. बाग २०१२ मध्ये नवी केली, तिच्या पोटात साडेचारशे गाड्यांचं वाहनतळ आहे. ही जमीन कधीकाळी स्मशानभूमी होती, आणि नव्या कामाच्या वेळी हाडं सापडली होती. गवतावर मुलं लोळत होती, कुत्री फिरत होती, काळे-गोरे आईबाप एकाच बाकावर बसून मुलांवर नजर ठेवत होते. एकटी बाई म्हणून मला तिथे क्षणभरही अवघडल्यासारखं झालं नाही, हे मी भाचीला मुद्दाम सांगितलं.

तिला हेही सांगितलं की बागेला लागून एल्म स्ट्रीटवर बेघरांचा मोठा निवारा होता. १९७० च्या दशकात बडी ग्रे आणि त्याच्या सोबत्यांनी तो उभा केला होता. बाग देखणी झाल्यावर काही वर्षांत तो इथून दूर, महामार्गापलीकडे हलवला. २००२ ते २०१५ या काळात सर्वांत गरीब कुटुंबांना परवडणारी घरं इथे जवळजवळ तीन चतुर्थांशानं घटली. 'ओव्हर-द-राइन कम्युनिटी हाउसिंग'सारख्या संस्था इमारतींमागून इमारती धरून ठेवताहेत म्हणून काही जुने रहिवासी टिकले. जागा सुरक्षित झाली का, असं मला सगळे विचारत होते. ज्यांना तेव्हा इथे सर्वांत जास्त भीती सोसावी लागली, तेच आज इथे नाहीत, तर मी त्याला कोणत्या तोंडानं नुसतं 'हो' म्हणू?

म्युझिक हॉलच्या मागच्या अंगाला वेस्ट एंड सुरू होतं. २०२१ मध्ये उघडलेलं फुटबॉलचं क्रीडागार तिथे झळाळतं. त्याच्या दक्षिणेला केन्यन-बार नावाचा मोहल्ला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस महामार्ग आणि कारखान्यांसाठी शहरानं तो सपाट केला. पंचवीस हजारांहून अधिक माणसं उठली, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. पाडण्याआधी प्रत्येक इमारतीचा फोटो काढला होता, मोजमापाची पाटी धरून एक माणूस समोर उभा. घरमालकाला किंमत द्यायची म्हणून काढलेले हे सरकारी फोटो. त्यांत पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या, न्हाव्याची दुकानं, वाळत घातलेले कपडे, काय चाललंय ते न कळणारी मुलं. २०२३ मध्ये नगरपरिषदेनं ठराव करून या विध्वंसाबद्दल माफी मागितली. तेव्हाचे महापौर आफताब पुरेवाल यांचे वडील पंजाबचे आणि आई तिबेटमधून निर्वासित होऊन भारतात वाढलेली. उठून जावं लागणं काय असतं हे त्यांच्या घरात ठाऊक असणार.

मग मी लिबर्टी स्ट्रीट ओलांडला. हा रस्ता १९५० च्या दशकात गाड्यांसाठी दुप्पट-तिप्पट रुंद केला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडे आधी पैसा आला, उत्तरेकडे उशिरा. पलीकडे खरंच पत्रे ठोकलेल्या इमारती अजून आहेत, फुटपाथ फुटका आहे, एका कोपऱ्यावर काही तरुण नुसतेच उभे होते. त्यांतल्या एकानं मला "मॅम, मार्केट तिकडे," म्हणून हात दाखवला. माझ्या हातातली कापडी पिशवी बघूनच त्यानं ओळखलं असावं.

फिंडले मार्केट १८५५ पासून अखंड चालू आहे, ओहायोतलं सर्वांत जुनं. लोखंडी सांगाड्याचा लांबट मंडप, वर मनोरा, आत खाटीक, मासळीवाले, चीजवाले, बाहेर शेतकऱ्यांच्या टोपल्या. पुण्याच्या मंडईत शनिवारी सकाळी जो गलका असतो तोच इथे, फक्त इंग्रजीत. डुकराचं मांस आणि ओट्स शिजवून केलेल्या 'गेटा'च्या वड्या तव्यावर तडतडत होत्या. जर्मन मजुरांनी मांस पुरवून खाण्यासाठी शोधलेला हा पदार्थ. मसाल्याच्या दुकानात हळद आणि जिरंही मिळालं. आणि जे पाहायला मी आले होते ते इथे दिसलं: महागड्या ब्रेडसाठी रांगेत उभी असलेली नवी मंडळी आणि सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर भाजी घेणाऱ्या जुन्या बायका, दोघांनाही एकच शेतकरी तितक्याच अगत्यानं वाढीव जुडी देत होता. शहराला आणखी काही बांधायचं असेल तर याच मंडपाच्या सावलीत, आणि आधी या बायकांसाठी घरं बांधावीत, असं मला मनापासून वाटतं.

कॉलर्डच्या हिरव्या पानांकडे मी नुसतीच बघत होते तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं, "कशी करतात माहीत आहे का, बेटा?" सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. पूर्वी व्हाइनवर राहायच्या, आता टेकडीवर मुलीकडे असतात, आणि दर शनिवारी बसनं इथे येतात. देठ कसं काढायचं, किती वेळ शिजवायचं, शेवटी थोडं व्हिनेगर का, सगळं त्यांनी सांगितलं. भाजीच्या निमित्तानं नातीवर गाडी आली. मोसमातल्या पहिल्या बेसबॉल सामन्याच्या दिवशी या मार्केटातून मिरवणूक निघते, गेली शंभराहून अधिक वर्षं. नातीला घेऊन त्या दरवर्षी जातात.

"तू असशील मार्चमध्ये?" त्यांनी विचारलं. नसेन म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. "मग तुझ्या भाचीला सांग. रेस स्ट्रीटवर यायचं, मुलांना घेऊन, आणि नऊलाच. अकराला आलात तर पुढची जागा मिळायची नाही."