ढळलेला मध्यबिंदू
आमच्या नातवाने शिष्यवृत्तीच्या पैशांतून खेळाचा कंट्रोलर घेतला. पहिल्याच दिवशी पाहावे तों, अंगठा उचलला तरी पडद्यावरील योद्धा आपला डावीकडे चालतच आहे! दांडीच्या बुडाशी पोटेन्शिओमीटर असतो. त्याचा मध्यबिंदू ढळला म्हणजे असे घडते, हे ज्ञान आम्हांस नातवानेच दिले. 'आजोबा, डेड झोन वाढवला की दिसणार नाही,' अशी तोडही त्याने काढली. आम्हांस ती रुचली नाही. डेड झोन वाढविला म्हणजे मध्याजवळची हालचाल यंत्र जमेसच धरीत नाही; दोष झाकतो खरा, परंतु बोटाचे कौशल्यही वाया जाते. पुरते दाम मोजलेल्या वस्तूशी अशी तडजोड का म्हणून? पावती होतीच; बदलून मागण्याचे पत्र त्याच्याकडूनच लिहविले. पहिल्या खर्ड्यात रागच फार होता, म्हणून ते तीनदा लिहावे लागले.