वाळवंटातलं खोटं गाव

घरात नकाशांचं पुस्तक असेल तर ते घेऊन बसा पाहू. आफ्रिकेचं पान उघडा. अगदी वरच्या कडेला, भूमध्य समुद्राला टेकून, अल्जीरिया आणि लिबिया या दोन दांडगोबांच्या मधे एक चिमुकला देश दिसेल. ट्युनिशिया त्याचं नाव. आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडासाच मोठा. आपल्याकडे दुपारचे बारा वाजतात, तेव्हा तिथली मुलं सकाळी साडेसातला शाळेची तयारी करत असतात.

आता बोट हळूहळू खाली आणा. समुद्र मागे पडला, जैतुनाच्या बागा मागे पडल्या आणि सहाराची चाहूल लागली. इथे ततावीन नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या बर्बर भाषेत या नावाचा अर्थ होतो 'पाण्याचे झरे'. नाव कुठे ऐकल्यासारखं वाटतंय का? 'स्टार वॉर्स' पाहिलेल्यांचे कान एव्हाना टवकारले असतील! त्या चित्रपटातल्या, दोन सूर्य असलेल्या वाळूच्या ग्रहाचं नाव टॅटूइन. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी ते या गावावरूनच घेतलं. स्पेलिंग तेवढं बदललं.

म्हणजे टॅटूइनवर जायला अंतराळयान नको, पासपोर्ट पुरे! चला तर मग. पाण्याच्या बाटल्या मात्र भरपूर घ्या बरं का.

कोठारं झाली घरं

पहिला मुक्काम ततावीनच्या बाजूचं क्सार हदादा. मातीच्या, गोल छपराच्या लहान लहान खोल्या एकीवर एक रचलेल्या, जणू मधमाश्यांचं पोळंच. पूर्वी इथले लोक या खोल्यांमध्ये धान्य साठवून ठेवत. आपल्याकडे जुन्या वाड्यात बळद असायचं ना, तसंच हे. पण अख्ख्या जमातीचं मिळून. १९९७ साली चित्रपटवाले इथे आले आणि त्यांनी या कोठारांना परग्रहावरच्या गुलामांची वस्ती करून टाकलं. वस्ती दाखवायला नवं गाव बांधावं लागलं नाही. गाव आधीच तयार होतं!

तिथून उत्तरेला मत्माता. इथे तर घरं दिसतच नाहीत. दिसतात ते जमिनीतले मोठाले खड्डे. काठावर जाऊन खाली डोकावलं, की विहिरीच्या तळाशी अंगण असावं तसं अंगण दिसतं आणि त्याच्या भोवती मातीत कोरलेल्या खोल्या. वर ऊन रणरणत असतं, पण आत गारवा. असंच एक घर पुढे हॉटेल झालं, त्याचं नाव 'सिदी द्रिस'. १९७६ साली इथेच ल्यूक या नायकाच्या घराचं अंगण चित्रित झालं.

मिठाचा समुद्र

आता पश्चिमेकडे निघू. वाटेत लागतं शॉत अल-जरीद. 'शॉत' म्हणजे मिठाचं सपाट मैदान. कच्छच्या रणाचे फोटो पाहिलेत ना? तसंच पांढरंशुभ्र, पाच हजार चौरस किलोमीटरहून मोठं. त्यातून सरळ रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना दूरवर पाणी चमकताना दिसतं. उतरून जवळ जाल तर पाणी नाहीच! तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम आणि विरळ होते. आकाशाकडून येणारा प्रकाश तिथे वाकतो आणि आपल्याला वाटतं की समोर तळं आहे. हेच मृगजळ. ही निसर्गाची ट्रिक फोटोग्राफी, आणि तीही फुकट!

मैदानाच्या पश्चिम टोकाला, नेफ्ता गावापलीकडे, एक एकटा पांढरा घुमट उभा आहे. हे ल्यूकच्या घराचं बाहेरचं रूप. चित्रपटात ल्यूक अंगणातून वर येतो आणि या घुमटापाशी उभा राहून दोन सूर्यांचा अस्त बघतो. आता नकाशावर पट्टी ठेवा. अंगण मत्मातात आणि घुमट इथे. मधे सुमारे दोनशे किलोमीटर! प्रेक्षकांना ते कळलं का? मुळीच नाही. एक तुकडा इथला, एक तिथला, दोन्ही जोडले की झालं एक घर. आकाशात सूर्य मात्र एकच होता. दुसरा नंतर चित्रावर चढवला.

पहिला चित्रपट आणि पहिली अपेक्षा

२५ मे १९७७ रोजी 'स्टार वॉर्स' अमेरिकेत लागला, तो फक्त ३२ चित्रपटगृहांत. त्याच्याकडून फारशी कुणाची अपेक्षाच नव्हती. चित्रीकरणाच्या वेळी ट्युनिशियात वादळी पावसानं सामान झोडपलं होतं आणि यंत्रमानव ऐन वेळी भलतीकडेच धावत होते.

पण पडद्यावर अवाढव्य अंतराळयान डोक्यावरून सरकत गेलं आणि लोक बघतच राहिले. प्रत्यक्षात ते यान म्हणजे एक छोटी प्रतिकृती होती. ती जागेवर उभी आणि कॅमेरा तिच्याजवळून सरकतोय, अशी ती करामत. कॅमेऱ्याची वाट यंत्रात नोंदवलेली असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा हुबेहूब तसाच फिरवता येई. एका फेरीत यान टिपायचं, दुसऱ्या फेरीत त्याचे दिवे, आणि मग सगळं एकावर एक बसवायचं. या कामासाठी ल्यूकस यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' ही संस्था काढली होती. पुढे १९९३ साली 'जुरासिक पार्क'मधले कम्प्युटरवरचे डायनोसॉरही तिनेच पळवले.

इथेच खरी गंमत सुरू झाली. समजा, पहिल्या चाचणीत तुम्हाला अनपेक्षितपणे ऐंशी गुण पडले. घरात पेढे वाटले. पुढच्या वेळी पंच्याऐंशी मिळाले, तर काय ऐकू येतं? "एवढेच?" गुण वाढले, पण अपेक्षा त्याहून वाढल्या. चित्रपटांचंही तस्संच झालं.

ओंग जमेल

आता शेवटचा मुक्काम. नेफ्ताहून वाळूच्या टेकड्यांमधून ओंग जमेलला जायचं. नावाचा अर्थ 'उंटाची मान'. इथल्या एका खडकाचा आकारच तसा आहे. त्याच्या जवळच्या सपाट जागेवर अचानक एक गाव दिसतं. घुमट, कमानी, उंच विचित्र खांब. जवळ जाऊन भिंतीवर टकटक केलं, की आवाज पोकळ येतो. लाकडाचा सांगाडा, तारेची जाळी आणि वर प्लॅस्टर. हे मोस एस्पा, टॅटूइन ग्रहावरचं शहर. १९९७ साली 'द फँटम मेनेस' या चित्रपटासाठी ते उभं केलं. त्या जुलैत वादळ आलं आणि बरेच सेट एका रात्रीत मोडले. माणसांनी ते घाईघाईनं पुन्हा उभे केले आणि चित्रीकरण पुढे चालू ठेवलं.

करामतींचं काम सातासमुद्रापार, कॅलिफोर्नियात झालं. चित्रपटात करामतीची दृश्यं सुमारे दोन हजार. तोपर्यंत एका चित्रपटात एवढी कुणी पाहिली नव्हती.

आणि गाजावाजा? तो तर विचारूच नका! सोळा वर्षांनी 'स्टार वॉर्स'चा नवा चित्रपट येत होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्याची झलक दुसऱ्याच चित्रपटांच्या आधी दाखवली गेली. काही लोकांनी पूर्ण तिकीट काढलं, दोन मिनिटांची झलक पाहिली आणि मूळ चित्रपट सुरू व्हायच्या आत उठून घरी गेले. हॉलिवूडमधल्या एका प्रसिद्ध चित्रपटगृहापुढे तर सहा आठवडे आधी रांग लागली. चादरी-उशा घेऊन माणसं फुटपाथवर मुक्कामाला!

१९ मे १९९९ रोजी चित्रपट लागला. त्या वर्षी जगात सर्वांत जास्त कमाई त्यानेच केली. पण कित्येक जण तोंड पाडून बाहेर आले. "सगळं कम्प्युटरचं आहे, खरं काहीच वाटत नाही," अशी तक्रार झाली. दृश्यकरामतींचं ऑस्करही त्याला मिळालं नाही. ते 'द मॅट्रिक्स'ला मिळालं. आणि तोच चित्रपट फारशा अपेक्षा नसताना येऊन सगळ्यांना चकित करून गेला होता.

काड्यांची गर्दी, मिठाचा धबधबा

माझ्या वर्गात चित्रपटाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, ते खरं की कम्प्युटरचं?" म्हणून 'सगळं कम्प्युटरचं' या तक्रारीकडे जरा नीट पाहू.

त्या चित्रपटात वाळवंटातल्या भन्नाट शर्यतीचं मैदान आहे. हजारो प्रेक्षक खच्चून बसलेत. दुरून दिसणारे त्यातले बरेचसे प्रेक्षक कोण होते सांगा? कान साफ करायच्या कापसाच्या काड्या! लहानशा प्रतिकृतीत जाळीमध्ये काड्या खोचल्या, रंगवल्या आणि खालून पंख्याचा वारा सोडला. काड्या डुलल्या आणि गर्दी उत्साहाने हलू लागली. राणीच्या राजधानीतला सुंदर धबधबाही पाण्याचा नव्हता. ते होतं वरून ओतलेलं मीठ. कारण लहान प्रतिकृतीवर खरं पाणी सोडलं तर थेंब फार मोठे दिसतात आणि बिंग फुटतं. मीठ बारीक असतं, ते दुरून कोसळणाऱ्या पाण्यासारखं दिसतं.

म्हणजे बघा हं, आधी सगळे म्हणत होते, "कधी न पाहिलेलं दिसणार!" नंतर म्हणू लागले, "सगळं कम्प्युटरचं!" दोन्ही वाक्यं एकमेकांचं ऐकून म्हटलेली. काड्या आणि मीठ दोन्ही वेळा नजरेतून निसटलं.

यात एक गोष्ट मात्र गमतीची नाही. या चित्रपटात जेक लॉइड नावाचा मुलगा प्रमुख भूमिकेत होता. चित्रीकरणाच्या वेळी तो आठ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलांएवढा. चित्रपट न आवडलेल्यांनी त्या मुलाची टर उडवली. शाळेतली मुलं त्याला पाहिलं की प्रकाशाच्या तलवारीचा आवाज काढून चिडवत, असं त्याने मोठेपणी सांगितलं. त्याने अभिनयच सोडला. जार जार बिंक्स हे कम्प्युटरवर घडवलेलं पात्र ज्याच्या हालचालींवर बेतलं, त्या अहमद बेस्ट या कलाकारालाही लोकांनी इतकं बोलून घेतलं, की तो पार खचला. २०१८ साली त्याने ते जाहीरपणे सांगितलं. २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' या मालिकेत तो वीराच्या भूमिकेत परत आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याचं मनापासून कौतुक केलं.

चित्रपट आवडला नाही, तर खुशाल तसं सांगा. कुठला भाग फसला, का फसला, तेही सांगा. पण अपेक्षा आपण वाढवून ठेवायच्या आणि राग एका आठ वर्षांच्या मुलावर काढायचा, हे काही खरं नाही. आईबाबांनो, हे आपल्यालाही लागू आहे.

चालणारी टेकडी

ओंग जमेलला परत येऊ. चित्रपटवाले निघून गेले, पण खोटं गाव तिथेच राहिलं. देशोदेशीचे लोक ते पाहायला येऊ लागले आणि आसपासच्या लोकांना त्यातून रोजगार मिळाला. कुणी गाडी चालवतं, कुणी उंटावरून फिरवतं, कुणी खजूर विकतं, तर कुणी 'वाळूचे गुलाब' म्हणजे फुलासारखे दिसणारे खनिजांचे स्फटिक.

मात्र या गावावर एक टेकडी चालून येत होती. हो, चालून! चंद्रकोरीच्या आकाराच्या वाळूच्या टेकडीला बारखान म्हणतात. वारा मागच्या उतारावरून कण वर चढवतो, ते पुढच्या बाजूला घरंगळतात आणि सगळी टेकडी तसूतसूने पुढे सरकते. शनीच्या टायटन या चंद्रावरच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारे राल्फ लोरेन्झ आणि त्यांचे सहकारी इथे आले. टेकडीचा वेग मोजायला हलणार नाही अशी काहीतरी खूण लागते. उघड्या वाळवंटात ती आणायची कुठून? त्यांनी उपग्रहाच्या फोटोंत ही खोटी घरंच खुणेसाठी धरली! वेग निघाला वर्षाला सुमारे १५ मीटर. २०१३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. खोट्या ग्रहावरच्या खोट्या गावाने खऱ्या विज्ञानाची मोजपट्टी होऊन दाखवली, आहे की नाही मजा?

पुढच्याच वर्षी गाव वाचवायला मोहीम निघाली आणि वाळू उपसली गेली. त्याआधी २०१२ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून तो एकटा पांढरा घुमटही दुरुस्त केला होता.

करून पाहा

सुट्टीत एक प्रयोग करा. मागे काळा कागद किंवा गडद कापड लावा. खाली स्वच्छ परात ठेवा, म्हणजे मीठ वाया जाणार नाही. कागदाचं नरसाळं करून त्यातून बारीक मीठ ओता. बाजूने टॉर्चचा प्रकाश पाडा आणि मोठ्यांचा मोबाइल मागून सावकाश गतीच्या सोयीत ते चित्रित करा. काहीच न सांगता घरच्यांना दाखवा आणि विचारा, "हा धबधबा कुठला?"

कुणी लगेच ओळखलं तर हिरमुसू नका. मीठ आणखी बारीक करा, टॉर्च थोडा सरकवा आणि पुन्हा ओता.